दोनशे पावलांतला वसंत

फुलांचे फोटो काढतो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, कुठं गेला होतात? काश्मीरला?" श्रीनगरची ट्यूलिपची बाग हल्ली सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेली आहे, त्यामुळे फुलं म्हटली की लोकांना तीच आठवते. मी सांगतो, कुठंही गेलो नव्हतो बुवा. इथं अंबडमध्येच होतो. आमच्या फाटकापासून दोनशे पावलांच्या आत. यावर समोरचा माणूस जरासा हिरमुसतो. आपल्या इथं कसली आलीत फुलं, हा भाव चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

आता त्याचंही फारसं चुकत नाही म्हणा. जालना जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना दुष्काळ, टँकर, स्टीलचे कारखाने आणि मोसंबी एवढंच ठाऊक. मार्च महिन्यात कुणी आमच्याकडे आलं तर धुळीनं माखलेली झाडं, उघडं पडलेलं काळं रान आणि दुपारी बाराला ओस पडलेले रस्ते, हेच दिसणार. पुस्तकातला वसंत इथं शोधायला गेलात तर सापडायचा नाही. शाळेत तीस-बत्तीस वर्षं मी मुलांकडून वसंत ऋतूवर निबंध लिहून घेतले. कोकिळा, आम्रमंजिरी, मंद सुगंधी वारा... सगळं यायचं त्यात. लिहिणारी पोरं मात्र घामानं निथळत असायची आणि वर्गातला पंखा बंद. वीज गेलेली!

पंचांगातला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. आमच्याकडची झाडं काही पंचांग बघत नाहीत. माघातच मोसंबी फुलते, आंब्याला मोहर येतो, फाल्गुनात पळस पेटतो, शेवगा लगडतो आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे लिंब फुलतो. (आमच्याकडे नुसतं लिंबाचं झाड म्हटलं की ते कडुनिंबाचं, बरं का! सरबताचं ते लिंबू.) म्हणजे चैत्र लागेपर्यंत आमचा निम्मा वसंत उरकलेलासुद्धा असतो. आणि यातली बहुतेक फुलं अगदी एवढीएवढीशी. पळस सोडला तर लांबून काही दिसतच नाही. जवळ जावं लागतं. किती जवळ? तर दोन बोटं.

हे दोन बोटांचं प्रकरण आधी सांगतो.

पुण्याची नात तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आली, तेव्हा तिनं मला मोबाईलला लावायचं एक भिंग आणून दिलं. बाटलीच्या बुचाएवढं असेल. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा त्याला चिमटा आहे, त्यानं ते मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बसवायचं. याला मॅक्रो लेन्स म्हणतात. खऱ्या कॅमेरावाल्यांमध्ये मॅक्रोची व्याख्या कडक आहे. वस्तू जेवढी असेल तेवढीच तिची प्रतिमा आतल्या सेन्सरवर पडली पाहिजे, तर तो खरा मॅक्रो. माझं हे खेळणं त्या व्याख्येत बसतं की नाही, या फंदात मी पडत नाही. लिंबाचं सेंटीमीटरभर फूल टीव्हीच्या पडद्यावर ताटाएवढं दिसतं. आपल्याला तेवढं पुरे.

या छंदाचा पहिला शत्रू वारा. एरवी ज्या झुळकीला आपण "वा!" म्हणतो, तिच्यावर इथं चिडायला होतं. फूल गव्हाच्या दाण्याइतकं हललं तरी फोटोतून पार निघून जातं. म्हणून दिवस उगवल्यापासून साडेआठपर्यंतची वेळ माझी. दुसरी अडचण अशी की एवढ्या जवळून पाहताना स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम एखाद-दोन मिलिमीटरची असते. पुढच्या पाकळीवर नजर बसवली तर मधले केसर धूसर, केसरांवर बसवली तर पाकळी धूसर. मोबाईल केसभर मागंपुढं करत राहायचं. कोपर कंपाउंडच्या भिंतीला टेकवायचे, श्वास रोखायचा आणि बटण दाबायचं. प्राणायामाचा इतका रोकडा उपयोग मला याआधी कधी झाला नव्हता! सावलीच्या बाजूनं उजेड कमी पडला तर जुन्या लग्नपत्रिकेची पांढरी पाठ धरायची. मागं फार गिचमिड असेल तर काळी छत्री उघडून ठेवायची. चाळीस फोटो काढावेत तेव्हा दोन बरे निघतात. गुडघे कुरकुरतात. रस्त्यानं जाणारा एखादा जुना विद्यार्थी गाडी थांबवून विचारतो, "सर, काय हरवलं?"

तर या दोनशे पावलांत काय काय आहे ते ऐका.

फाटकाच्या उजव्या हाताला लिंब आहे. घर बांधलं तेव्हा तो आपोआप उगवला आणि आम्ही तो राहू दिला. चैत्रात त्याच्याखाली रोज सकाळी पांढरट सडा पडतो. तो झाडताना घरातून जे बोललं जातं, ते इथं लिहिता येणार नाही. पाडव्याला गुळ-जिऱ्याबरोबर त्याची फुलं आणि कोवळा पाला आपण सगळेच खातो. पण खाताना फूल कोण बघतो? जवळून पाहिलं तर पाच पांढऱ्या पाकळ्या मागं कललेल्या आणि मधोमध एक उभी नळी. दहा केसर एकमेकांना जोडून ती नळी झालेली असते, आणि तिच्या तोंडाशी आतल्या बाजूनं दहा पिवळे ठिपके बसलेले असतात. तेच परागकोश. एवढ्या कडू झाडाच्या फुलाचा वास मात्र मधासारखा आहे आणि तो रात्री जास्त सुटतो. वास काही फोटोत येत नाही. नातीला विचारलं, तर ती म्हणाली अजून तसलं ॲप निघालं नाही.

एकदा तर गंमतच झाली. लिंबाच्या फुलाचा फोटो घरात येऊन मोठा करून पाहतो, तर पाकळीआड आणखी कुणीतरी बसलेलं! पांढुरका, खेकड्यासारखे पुढचे पाय फाकवलेला कोळी. जाळंबिळं काही नाही. फुलाच्या रंगात मिसळून नुसता बसून राहायचं आणि मध घ्यायला येईल तिला धरायचं. मी त्या फुलासमोर दहा मिनिटं श्वास रोखून उभा होतो आणि तो माझ्याही आधीपासून. धीर म्हणजे काय, ते त्याच्याकडून शिकावं.

पुढच्या घराच्या भिंतीवरून बोगनवेल खाली आलेली आहे. तिच्यात आपण ज्याला फूल म्हणतो ती खरी रंगीत पानं असतात. गुलाबी कागदासारखी तीन-तीन. त्या प्रत्येक पानाच्या पोटाशी एक बारीक नळीसारखं फूल चिकटलेलं असतं आणि त्याच्या तोंडाशी पांढरी चांदणी उमलते. ते खरं फूल. त्याच्याही पुढं, नाल्याच्या कडेला गाजरगवत. हे गवत म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाला घोर. कुणाच्या अंगाला खाज, तर कुणाला दमा. आपल्या देशात ते १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि मग त्यानं कुठलं गाव म्हणून सोडलं नाही. पण भिंगाखाली त्याचं फूल पाहाल तर चकित व्हाल. पाच कोपऱ्यांचा पांढरा दागिना. फोटो काढतो आणि मग उपटून टाकतो. दोन्ही कामं मनापासून!

आमच्या परसातल्या कढीपत्त्यालाही याच दिवसांत फुलांचे झुबके येतात. त्याचा फोटो पाहताना मला सारखं वाटायचं की हे फूल आपण कुठंतरी पाहिलंय. मग पुस्तक काढलं. कढीपत्ता, लिंबू, मोसंबी, बेल, कवठ ही सगळी एकाच कुळातली झाडं! यांची ओळख पटवायची सोपी खूण आहे. पान उजेडासमोर धरायचं. सुईनं टोचल्यासारखे बारीक बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. पान चुरगळलं की जो वास येतो, तो त्यांचाच. आयुष्यभर फोडणीत टाकलेलं पान एकदा उजेडासमोर धरून बघा. मुलांना तर जरूर दाखवा.

मोसंबीचं नाव निघालं आणि मी दोनशे पावलं ओलांडली. आमचं शेत अंबडपासून सहा-सात किलोमीटरवर. तिथं थोरल्या भावाची मोसंबी होती. भाऊ आता नाहीत, पुतण्या बघतो. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण मोसंबीचं फूल कसं येतं, ते बाहेरच्या मंडळींना माहीत नसतं म्हणून सांगतो. आंबे बहार धरायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. महिना-दीड महिना झाड तहानलेलं ठेवायचं. पानं मलूल होतात, काही गळतात. मग हलकं पाणी, खत आणि पुन्हा पाणी. की तीन आठवड्यांत सगळं झाड पांढरंशुभ्र! बांधावर पाऊल टाकायच्या आधी वास सामोरा येतो. जाड, मेणासारख्या पाच पाकळ्या, मध्ये पिवळ्या टोपीचे वीसेक केसर आणि त्यांच्या गराड्यात हिरवट पिवळी मादी. त्यांच्याभोवती फुलोरी माश्या आणि सातेरी माश्या. म्हणून बहारात औषध मारायचं नाही, हा नियम. नाहीच सुटका, तर दिवस मावळल्यावर.

म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात सुंदर वसंत तहानेतून येतो. पण ती तहान माणसानं ठरवून दिलेली असावी लागते. २०१२-१३च्या दुष्काळात ती ठरवून दिलेली नव्हती. त्या वर्षी जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. लोकांनी टँकरनं पाणी घालून पाहिलं, मग नाइलाजानं कुऱ्हाड लावली. भावाची तीनशे झाडं गेली. पंधरा-सोळा वर्षांची, भर उत्पन्नातली. सरपण म्हणून कितीतरी दिवस ती चुलीत जळत होती आणि त्या धुरालाही थोडा मोसंबीचा वास होता. २०१६ला पाऊस बरा झाला, तेव्हा पुढच्या वर्षी पुतण्यानं नवी कलमं लावली. ११ फेब्रुवारी २०१८ला गारपीट झाली आणि कलमांचा पाला झोडपून निघाला. तरी ती जगली. आता तीच झाडं बहार धरतात. मी त्या फुलांचे फोटो काढतो, तेव्हा हे सगळं माझ्या पाठीशी उभं असतं. नुसतं "किती छान!" म्हणून भागत नाही.

आता या लेखातली मुख्य व्यक्ती. आमच्या वहिनी.

वहिनींचं वय ऐंशीच्या घरात. साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्याला सूज आली. जालन्याला नेऊन डोळ्यात इंजेक्शनं दिली, त्यानं आहे ती नजर टिकली, पण गेलेली परत आली नाही. कडेचं दिसतं, मधलं पुसट. माणूस चालीवरून ओळखतात. सुई ओवणं, तांदूळ निवडणं बंद झालं. तक्रार करायचा स्वभाव नाही, पण एकदा बागेच्या बांधावर बसलेल्या असताना म्हणाल्या, "वास येतोया भावजी, पण फूल दिसंना."

ते वाक्य मला लागून राहिलं. मग गेल्या मार्चमध्ये मी माझे सगळे फोटो घेऊन शेतावर गेलो. पुतण्याच्या टीव्हीला मोबाईल जोडला. वहिनींना पडद्यापासून हातभर अंतरावर खुर्ची दिली आणि एकेक फोटो लावला. लिंबाचं फूल आलं. त्या मान तिरपी करून, कडेच्या नजरेनं, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हां. दिसलं." एवढंच. पण माझ्या मोबाईलला याच्यापेक्षा मोठं बक्षीस कुठलं मिळणार?

खरी मजा पुढंच आहे. आमच्या परसात जानेवारीअखेर मी चार ओळी भेंडी लावली होती. दीड महिन्यात ती फुलावर आली. भेंडीचं फूल तुम्ही पाहिलंच असेल. फिकट पिवळं, आत गर्द जांभळं, एका दिवसाचं आयुष्य. त्याचा फोटो मला फार चांगला साधला होता. मधला दांडा, त्याला चिकटलेले केसर, वर मखमलीसारख्या जांभळ्या गोंड्याची मादी आणि तिच्यावर परागाचे रव्यासारखे कण एकेक मोजता यावेत असे. मी मोठ्या ऐटीत तो लावला. वहिनींनी पाहिलं आणि म्हणाल्या,

"हे उशिराचं हाय. ऊन वर आल्यावरचं."

मोबाईलात वेळ बघितली. नऊ वाजून बारा मिनिटं!

"कशावरून म्हणता?"

"मादीवर पिवळं पडलंय न्हवं. आपलाच नर आपल्याच मादीवर झडला. असलं फूल आम्ही घेत नव्हतो. क्रॉसिंगला ते वाया."

मंडळी, क्रॉसिंग हा शब्द जालन्याबाहेरच्या वाचकांना कदाचित नवीन असेल. आमचा जिल्हा बियाण्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली आणि १९६४ साली जालन्यात महिको कंपनी काढली. १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. पुढं इतरही कंपन्या आल्या. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. चंद्रकांत पटेल यांनी एच-४ हा कपाशीचा संकरित वाण काढला, आणि मग संकरित कपाशीचं बियाणं तयार करण्याचं काम शेताशेतांवर सुरू झालं. हे बियाणं यंत्रातून निघत नाही. ते बोटांतून निघतं. दुपारनंतर शेतात फिरून उद्या उमलणारी कळी ओळखायची. अंगठ्याच्या नखानं तिची पाकळ्यांची गुंडाळी आणि आतली नराची नळी अलगद सोलून काढायची. मधली मादी दुखवायची नाही. खूण म्हणून दोरा किंवा कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून त्याचे पराग त्या मादीवर फिरवायचे. की झालं क्रॉसिंग. एकेका माणसानं दिवसाला अशा शेकडो कळ्या करायच्या, आणि हंगामभर रोज.

वहिनींनी हे काम वीसेक वर्षं केलं. पहिली काही वर्षं भेंडीवर, मग कपाशीवर. स्वतःच्या अर्ध्या एकरात आणि दुसऱ्यांच्या रानात मजुरीनंही. मी त्या काळात रोज सायकलवरून शाळेत जायचो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका रांगेनं वाकलेल्या दिसायच्या. त्यांच्या बोटांच्या अंतरावर एकेक फूल असायचं. आज मी ज्याला मॅक्रो म्हणतो, ते तेच अंतर. दोन बोटं!

त्या आठवणीला एक दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवावीशी वाटत नाही. भाद्रपद आला की माझ्या वर्गातल्या पाच-सहा मुली हजेरीपटावर लाल शाईत जायच्या. कुठं गेल्या विचारलं की उत्तर एकच, "प्लॉटावर, सर." घरचाच प्लॉट, घरचीच पोरगी. लहान बोटं कळीला कमी इजा करतात, असं लोक म्हणायचे. मी घरोघर जाऊन बोलायचो. कुणी ऐकायचं, कुणी चहा पाजून वाटेला लावायचं. त्यातल्या एकीचा मुलगा आता कृषी पदवीधर आहे. ती भेटली की हसून आपला अंगठा दाखवते. नखाशेजारी अजून घट्टा आहे. ती शिकायची राहिली, हे मला बोचतं. आणि त्याच वेळी हेही खरं की उद्या उमलणारी कळी आज ओळखायची विद्या तिच्याकडे होती. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा बी.ए. ती माझ्याकडे नव्हती.

म्हणून हल्ली मला कुणी म्हटलं की सर, या वयात बरा हौशीचा छंद लावून घेतला, तर मी त्यांना वहिनींचं सांगतो. फूल जवळून बघणं ही आमच्याकडे शहरातून आलेली हौस नाही. या जिल्ह्यातल्या हजारो बायकांनी ते पोटासाठी केलं. त्यांनी पाहिलं तेवढं फूल एखाद्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकानंही पाहिलं असेल की नाही, शंका आहे. फक्त त्यांच्याजवळ फोटो नव्हते आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही. मी आता विचारतो.

विचारलं की केवढं निघतं! मोसंबीच्या फुलांचे फोटो लावले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हे नुसतं उघड्या काडीवर आलंय, गळंल. हे पाल्यासंगट आलंय, हे टिकंल." मी नंतर वाचून पाहिलं. मोसंबीच्या जातीत पानांसकट आलेल्या बहराला फळं जास्त धरतात, असंच शास्त्रही सांगतं. पण मला मास्तरकीची सवय. म्हटलं, परीक्षा घेऊ. पुढच्या बहाराला, म्हणजे यंदाच्या फेब्रुवारीत, पुतण्यानं दहा फुलांना क्रॉसिंगचा लाल दोरा बांधला. मी दहांचे फोटो काढले. वहिनींनी पडद्यावर पाहून चार निवडली. मे महिन्यात जाऊन बघितलं, तर दहांपैकी तीन ठिकाणी सुपारीएवढी फळं होती. त्यातली दोन वहिनींच्या चारांतली. "आन् माझी दुसरी दोन?" गळाली म्हटलं. तर म्हणाल्या, "गळायचीच. समदी टिकली तर झाड मोडंल की."

ऐकायला साधं वाटतं, पण हाच हिशेब सगळीकडे आहे. कोपऱ्यावरच्या गावरान आंब्याचा मोहर मी यंदा भिंगातून पाहिला. एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं, कधी हजारांवर. त्यात कितीतरी नुसती नराची. ज्या थोड्यांत मादी असते, त्यांच्यातही बहुधा एकच केसर कामाचा, गुलाबी डोक्याचा. बाकीचे नुसते खुंट. माश्या येतात, मुंग्या येतात, ढगाळ हवा येते, तुडतुडे येतात. सरतेशेवटी शंभर फुलांमागं एकसुद्धा आंबा धरत नाही. तरी दरवर्षी झाड तेवढीच फुलं काढतं. बत्तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला हा हिशेब पाहून थोडा धीर येतो. कुठल्या बाकावरचं काय धरेल, हे फुलोऱ्यात सांगता येत नाही. वहिनींचीसुद्धा चारांत दोनच बरोबर आली!

तर तुम्हालाही एक सुचवतो. कॅमेरा महागडाच पाहिजे असं काही नाही. घरात सोनाराचं किंवा पोस्टाच्या तिकिटांचं भिंग असेल तर तेही चालतं. आपल्या दारापुढची एक फांदी निवडा आणि महिनाभर तीच बघा. फोटो काढलाच तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मोठा करून दाखवा, आणि काही न सांगता गप्प बसा. ते काय म्हणतात ते ऐका आणि मला जरूर कळवा. आमच्या नातेवाईक मंडळींपैकी ज्यांच्या घरी प्लॉटावर गेलेल्या आया-मावश्या आहेत, त्यांनी तर नक्कीच.

आता मृग लागला. पहिला पाऊस पडून गेला आणि पुतण्यानं कपाशी टोबली. आमच्या गल्लीतला वसंत संपला, पण वहिनींनी मला पुढचा अभ्यास देऊन ठेवलाय. भाद्रपदात कपाशी फुलांवर आली की आज उमललेलं पांढरट पिवळं फूल आणि काल उमलून आज गुलाबी झालेलं फूल, दोन्ही एकाच फोटोत पाहिजेत. मी म्हटलं, येतो सकाळी सहाला. तर म्हणाल्या, "सकाळी काय येता? आदल्या दिशी दुपारून या. उद्याची कळी कुठली, ते तुमाला दावते."

"दिसेल का तुम्हाला?"

"कळीला बघाया डोळे कशाला लागत्यात? हाताला कळती की ती. मुक्कामाची पिशवी घिऊनच या."